रोजा ठेवून ताट वाढताना

रमजानची दुपार. हॉटेलात रश्शाचा वास दरवळतोय आणि रोजा असलेला वेटर गिऱ्हाइकापुढे थंड पाण्याचा ग्लास ठेवतोय. शिरूर-दौंडच्या महामार्गांवरील हॉटेलांत नव्याने लागलेल्या पोरांची खरी कसोटी इथेच लागते.

काम सोपे दिसते, पण शिकावे लागते. ग्लास खालून धरावा, बोटे आत बुडू नयेत. ऑर्डर घेतल्यावर एकदा म्हणून दाखवावी. संपलेला पदार्थ आधीच सांगावा. आत जाताना रिकाम्या हाताने न जाता उष्टी ताटे उचलावीत. रोज्यात चव घेता येत नाही, म्हणून भाजी किती तिखट झाली ते वस्तादाला विचारून ठेवावे.

रांजणगावच्या महागणपतीला येणारे आणि दौंडमार्गे सिद्धटेकला जाणारे भाविक चतुर्थीला उपवासाचे मागतात. त्यांना काय चालते ते विचारावे, खिचडीचा चमचा वेगळा ठेवावा. उपवास सांभाळणे म्हणजे काय, हे रोजेदाराला वेगळे सांगावे लागत नाही.

मगरिबची अजान नेमकी गर्दीच्या वेळी होते. सोबत्याला आधीच सांगितले, तर तो पाच मिनिटे टेबल सांभाळतो. खजूर आणि घोटभर पाणी निवांत घेता येते. त्याच्या एकादशीला आपण त्याचे टेबल सांभाळावे.

पगार किती, सुट्टी कधी, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. टीप म्हणजे पगार नव्हे. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण मालकांसाठी आहे. आणि चौदा वर्षांखालील पोराला हॉटेलात ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून कायद्याने बंदी आहे. त्याची जागा शाळेत.