बॅटरी बदलली, दुखणं तसंच

डिसेंबरातल्या पहाटे सेल्फ मारला की नुसतं ‘कट कट’ वाजतं, आणि निदान तिथल्या तिथे होतं: थंडीनं बॅटरी गेली. यवतमाळ असो, पुसद असो की वणी, दरवर्षी हे ऐकू येतं आणि त्यात दोन चुका एकत्र असतात. पहिली म्हणजे बॅटरी थंडीनं मरत नाही, ती मे महिन्यातच मरायला लागलेली असते. लेड-ॲसिड बॅटरीच्या आतल्या रासायनिक क्रिया तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण दुपटीनं वेग घेतात. बाहेर पारा ४३-४४ अंशांवर असताना बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त ताप असतो. पाणी उडतं, प्लेटांची जाळी गंजते, क्षमता घटते. तेव्हा ते कळत नाही, कारण उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं आणि अर्धमेली बॅटरीही इंजिन फिरवून देते. थंडीत ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोरही उतरतो, मग सहा महिन्यांपूर्वीचं दुखणं उघडं पडतं. दुसरी चूक जास्त महागात जाते. बॅटरी रिकामी सापडली एवढ्यावरून ती खराब आहे असं ठरत नाही. तिला कोणी भरलंच नसेल, हीही शक्यता तितकीच खरी.

शेतातली टाकी कोरडी पडली तर आपण टाकी बदलत नाही, आधी मोटार चालते का ते बघतो. गाडीत हे काम अल्टरनेटरचं, गॅरेजच्या बोलीत डायनमोचं. तो तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो, किंमत काहीशे रुपये. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्ट मिळाले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास उपाशी. सेल्फ मारताना आकडा क्षणभर खाली जातो, पण भरलेली असूनही ती ९.६ च्या खाली कोसळत असेल तर दोष बॅटरीकडे झुकतो. इंजिन सुरू झालं की तोच आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढायला हवा. हेडलाइट, एसीचा ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर लावून इंजिनाला थोडी रेस दिली आणि तरीही तो १३ च्या आसपास घुटमळत राहिला, तर बॅटरी बदलून काही साधणार नाही. उलट १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला आहे. अशी गाडी नवी बॅटरीही उकळून टाकते. मात्र मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवायची, वरच्या क्लॅम्पवर नाही. खांब आणि क्लॅम्प यांच्यात पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर दोन्हीकडचे आकडे वेगळे निघतात, आणि कधी कधी सगळा आजार त्या भुकटीतच असतो. अल्टरनेटरच्या जाड वायरपाशी १४.३ आणि बॅटरीवर १३.३ मिळत असेल तर अल्टरनेटर काढायची गरज नाही. वायर, जोड आणि इंजिनाचं अर्थिंग बघायचं.

यावर ठरलेला आक्षेप असा: नवी बॅटरी टाकली आणि गाडी झकास चालली, मग दोष बॅटरीचाच ना? एवढ्यावरून नाही. नवी बॅटरी दुकानातून भरून येते, ती आपल्या साठ्यावर गाडी ओढते. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. रात्री हेडलाइट, पंखा, फ्युएल पंप, इग्निशन मिळून २५-३० अँपिअर सहज खर्च होतात. अल्टरनेटर पूर्ण बंद असेल तर रात्री यवतमाळहून नागपूरला निघालेली गाडी कळंब मागे टाकेल, देवळीही गाठेल, पण १५० किलोमीटरचा तो पल्ला पुरा करणं कठीण. खरी फसगत होते ती अल्टरनेटर अर्धवट गेला असताना. त्यातला वीजप्रवाह उलटसुलट असतो आणि डायोड त्याला एका दिशेला लावतात. एखादा डायोड तुटला की उत्पादन घटतं, संपत नाही. दिवसा, दिवे बंद असताना जमाखर्च जुळतो. रात्रीच्या फेऱ्यांत रोज थोडी तूट पडते. त्यामुळे नवी बॅटरी काही आठवडे टिकते आणि दोष कंपनीच्या मालाला लागतो. डायोड तुटण्याऐवजी गळका झाला तर बंद गाडीतूनही वीज उलटी वाहते. अर्धा अँपिअर गळत असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीचा तिसरा हिस्सा. चालू इंजिनावर अशा गाडीचा आकडा १४ च्या आसपासही दिसू शकतो. म्हणून मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनाला बॅटरीवर मोजावं. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर डायोड संशयित. गाडी बंद करून लॉक केल्यावर काही वेळानं होणारा खर्चही साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत असायला हवा.

मोजायचं कशाला, चालू गाडीचं टर्मिनल काढा, बंद पडली तर अल्टरनेटर गेला, अशी एक तपासणी अजून चालते. ॲम्बेसेडर-पद्मिनीच्या जमान्यात, गाडीत नाजूक इलेक्ट्रॉनिक्स नसताना, ती खपून गेली. आज बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटींनी उसळू शकतं, आणि तो झटका इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, म्युझिक सिस्टिमला, खुद्द डायोडांना बसतो. म्हणजे नसलेला आजार तपासणीनंच लावून घ्यायचा. ‘अनुभवी माणसं करतात’ हे यावर उत्तर होत नाही. त्यांचा अनुभव वेगळ्या गाड्यांचा आहे.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावरही भिस्त ठेवता येत नाही. चार्जिंग पार थांबलं की तो बहुधा पेटतो. डायोड अर्धा गेला, वायर सडली, तर तो गप्पच राहू शकतो. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी तो पेटला पाहिजे. तेव्हाही पेटत नसेल तर दिव्याचं सर्किटच तुटलं आहे, आणि काही जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा प्रवाह त्याच दिव्यातून जातो. चालत्या गाडीत दिवा पेटला तर मात्र ‘गावापर्यंत ओढू’ म्हणण्याआधी बेल्ट बघावा. अनेक गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही असतो. बेल्ट तुटला असेल तर पांढरकवड्याच्या पुढे, मेच्या दुपारी, बॅटरी संपायच्या आत इंजिन तापून बसेल.

आता उलटी चूक, म्हणजे चांगला अल्टरनेटर भंगारात काढणं. बॅटरी तापलेली असताना तिला कमी व्होल्टेज लागतं, म्हणून बरेच रेग्युलेटर उष्णतेत आपणहून व्होल्टेज उतरवतात. मे महिन्यात भर दुपारी लांबून आलेल्या गाडीवर १३.५ दिसले म्हणून लगेच रिवाइंडिंगला पाठवणं म्हणजे निरोग्याला शस्त्रक्रिया. तीच गाडी सकाळी थंड असताना मोजावी. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत तर ईसीयू अल्टरनेटरवर हुकूम चालवतो: बॅटरी भरलेली असली की इंधन वाचवायला चार्जिंग मुद्दाम उतरवतो, ब्रेक लावताना चढवतो. अशा गाडीत १२.८ दिसणं हा बिघाड असेलच असं नाही. हेडलाइट आणि ब्लोअर लावून थोडं थांबावं. आकडा १४ कडे सरकला तर अल्टरनेटरला हात लावायचं कारण नाही. न सरकला तर आधी निगेटिव्ह टर्मिनलवरच्या छोट्या सेन्सरचा कनेक्टर नीट बसला आहे का ते पाहावं, कारण बॅटरी बदलताना तो पुष्कळदा सैल राहतो.