विश्लेषण : मोबाइलवर नेट चालते, मग जुन्या कॉम्प्युटरवरच का अडते?

नेवाशात माझ्या मामांच्या घरी नुकताच घडलेला प्रसंग. मामेबहिणीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. घरात केबलवाल्याचे नेट, सगळ्यांचे मोबाइल त्यावर व्यवस्थित चालू. पण विंडोज ७ असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर एकही सरकारी संकेतस्थळ उघडेना. केबलवाला म्हणाला, ‘आमची लाइन ओके आहे.’ दुरुस्तीवाला म्हणाला, ‘नवा पीसी घ्या.’ अखेर हे काम एका छोट्या सेलवर भागले. तालुक्याच्या गावांत असे जुने कॉम्प्युटर अजून घरोघरी आहेत. ते भंगारात काढण्याआधी काय तपासावे, ते पाहू.

दोष लाइनमध्ये की कॉम्प्युटरमध्ये?

सर्वात आधी मोबाइलचा डेटा बंद करा आणि फोन घरच्या वायफायला जोडा. फोनवर नेट चालले तर लाइन आणि राउटर ठीक आहेत, दोष कॉम्प्युटरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. फोनवरही चालले नाही तर कॉम्प्युटरला हात लावू नका, आधी राउटर पाहा. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा असेल तर प्रकाशाचा सिग्नलच घरापर्यंत येत नाही. वायर कुठेतरी तुटली किंवा जास्त वाकली असेल. ते काम केबलवाल्याचेच.

घरी इन्व्हर्टर असूनही वीज गेली की नेट का जाते?

अनेक ठिकाणी फायबर गल्लीच्या खांबापर्यंतच येते. तिथल्या पेटीतील स्विचमधून घराघरांत लॅनची वायर जाते. हा स्विच विजेवर चालतो. त्याला बॅकअप नसेल तर तुमचा राउटर इन्व्हर्टरवर सुरू असूनही नेट बंद पडते. फायबर थेट घरात आले असेल तर ही अडचण बहुधा येत नाही.

वायर आणि पोर्ट कसे तपासायचे?

कॉम्प्युटरच्या मागे लॅनची वायर जिथे जाते तिथे बारीक दिवे असतात. ते लागत नसतील तर वायर, तिची पिन किंवा पोर्ट खराब आहे. पिनेची प्लास्टिकची कडी तुटली की वायर ढिली बसते, हा नेहमीचा दोष. दुसरी वायर लावून पाहा. वळवाच्या पावसात खांबावरून आलेल्या लॅनच्या वायरीतून विजेचा झटका येऊन पोर्ट जळणेही नवीन नाही. अशा वेळी मदरबोर्ड बदलण्याची गरज नसते. यूएसबीला लावायचे लॅन अडॅप्टर किंवा वेगळे लॅन कार्ड पुरते.

वेग कमी मिळत असेल तर आणखी एक गोष्ट. जुन्या पोर्टची कमाल क्षमता अनेकदा १०० एमबीपीएस असते. प्लॅन २०० चा असला तरी अशा कॉम्प्युटरवर ९०-९५ च्या पुढे वेग जाणार नाही. जुन्या वायफाय कार्डला ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क दिसतही नाही, त्याला २.४ चेच जोडावे लागते.

‘कनेक्टेड’ दिसते, पण पान उघडत नाही?

नेटवर्कच्या चिन्हावरून ‘स्टेटस’ आणि मग ‘डिटेल्स’ उघडा. आयपी अ‍ॅड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून कॉम्प्युटरला पत्ताच मिळालेला नाही. राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर तो बहुधा ठीक आहे. तरीही कोणतेच संकेतस्थळ उघडत नसेल तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सेवा तपासा. तिथे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून पाहता येते.

राउटरशिवाय थेट कॉम्प्युटरवरून युजरनेम टाकून नेट जोडत असाल तर एररचा आकडा पाहा. ६९१ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड नाकारला गेला. रिचार्ज संपल्यावरही तो अनेकदा दिसतो. ६५१ आला तर वायर आणि लाइन तपासा.

तारखेचा नेटशी काय संबंध?

मामांकडे दोष इथेच होता. कॉम्प्युटरची तारीख बरीच वर्षे मागे गेली होती. सुरक्षित संकेतस्थळाकडे ठरावीक मुदतीचे डिजिटल प्रमाणपत्र असते आणि ब्राउझर ते कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ जुने असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते, म्हणून तो पान अडवतो. मोबाइल नेटवर्कवरून वेळ घेतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

तारीख मागे का जाते? मदरबोर्डवर सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी घड्याळ चालू ठेवते. ती संपली तरी प्लगमध्ये वीज असेपर्यंत घड्याळ चालते. भारनियमनात वीज गेली की तारीख पुन्हा मागे. म्हणूनच ‘काल चालत होते, आज नाही’ असा गोंधळ होतो. कॉम्प्युटरचा प्लग काढून बॅटरी बदला आणि तारीख-वेळ नीट भरा. बॅटरी लगेच मिळाली नाही तर नुसती तारीख भरूनही तात्पुरते काम होते.

एवढे करूनही काही संकेतस्थळे अडली तर?

मग प्रश्न जुन्या सॉफ्टवेअरचा. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे. अशा कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार टाळावेत. ६४ बिटचा प्रोसेसर आणि किमान २ जीबी, शक्यतो ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकता येते. त्याआधी फोटो आणि कागदपत्रे पेनड्राइव्हवर नक्की काढून घ्या.

तक्रार करताना काय लक्षात ठेवाल?

- हेल्पलाइनचा नंबर गुगलवर शोधू नका, पावतीवरचाच वापरा.
- अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप टाकू नका, ओटीपी सांगू नका.
- ‘फोनवर चालते, कॉम्प्युटरवर नाही’ किंवा ‘लाल दिवा आहे’ असे नेमके सांगा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.
- दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो.

मामेबहिणीचा अर्ज त्याच संध्याकाळी गेला. तारीख दुरुस्त केल्यावर क्रोमच्या जुन्या आवृत्तीतही पान उघडले. बॅटरी दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या दुकानात मिळाली.