कबड्डीचा खेळ, पैशाची चढाई

आज आपण बोलणार आहोत खेळाबद्दल. खेळ म्हटलं की घरात रिमोट पोरांच्या नाहीतर त्यांच्या वडलांच्या हातात जातो आणि आपण भाकरी थापत आवाज तेवढा ऐकतो. पण आजचा विषय रिमोटच्या पलीकडचा आहे. टीव्हीवरच्या खेळात एवढा पैसा येतो कुठून, जातो कुणाकडे, आणि आपल्या मुलींच्या वाट्याला त्यातलं काय येतं, ते जरा उलगडून बघू. आपण बचत गटाच्या बायका आहोत. हिशेब आपल्याला नवा नाही.

आधी एक साधी गोष्ट. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो. बघायला तिकीट नसतं. मग फायदा कुणाचा? गर्दी जमते म्हणून भेळवाला येतो, पाळणेवाला येतो, खेळणीवाला येतो, आणि प्रत्येकजण जागेचं भाडं भरतो. कुस्ती फुकट असते, पण जमलेल्या गर्दीला किंमत असते. टीव्हीवरचा खेळ अगदी असाच चालतो. वाहिनी सामना दाखवते, आपण बघायला बसतो, आणि आपल्या त्या बसण्याची किंमत साबणवाला, टायरवाला, मोबाइलवाला वाहिनीला देतो. म्हणजे या बाजारात आपण फक्त गिऱ्हाईक नाही, मालसुद्धा आहोत. विकली जाते ती आपली नजर आणि आपली संध्याकाळ.

ही किंमत किती मोठी आहे बघा. आयपीएल 2008 साली सुरू झाली. तिचे सामने 2023 ते 2027 अशी पाच वर्षं दाखवण्याचा हक्क क्रिकेट मंडळाने 48,390 कोटी रुपयांना विकला. 410 सामन्यांवर वाटलं तर एका सामन्याला साधारण 118 कोटी पडतात. सामना पूर्ण चाळीस षटकांचा झाला, तर एका चेंडूमागे 49 लाखांच्या आसपास. दोन षटकांच्या मधे जाहिरात का घुसते, ते आता सांगायला नको. एवढा पैसा ओतला की तो वसूल करावाच लागतो.

क्रिकेट तर साहेबाचा खेळ. आपला मातीतला खेळ म्हणजे कबड्डी, जुन्या माणसांचा हुतूतू. या खेळाशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी जगाला दाखवली. शंकरराव साळवी, म्हणजे बुवा साळवी, यांनी हयातभर या खेळाची बांधणी केली. त्यांचा 15 जुलै हा जन्मदिवस आपल्याकडे कबड्डी दिन म्हणून पाळतात. एवढं असूनही कितीतरी वर्षं कबड्डी खेळून पोट भरत नव्हतं. चांगल्या खेळाडूची धाव रेल्वे, पोलीस, बँक नाहीतर एखाद्या कंपनीतल्या नोकरीपर्यंत. नोकरी मिळाली की घरचे म्हणायचे, खेळाचं सोनं झालं.

26 जुलै 2014 ला मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि चित्र पालटलं. आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीने ती उभी केली आणि स्टार वाहिनीने ती दाखवली. पुढच्याच वर्षी स्टारने त्या कंपनीतला 74 टक्के हिस्सा विकत घेतला. याचा अर्थ नीट समजून घ्या. दूध गोळा करणारा आणि गोठ्याचा मालक एकच झाला. खेळ दाखवणाराच खेळाचा धनी. मग खेळ कधी, किती वाजता, कसा व्हायचा, हे ठरवताना टीव्हीचं गणित आधी मांडलं जाणार.

तसंच झालं. मातीच्या जागी चटई, वर झगझगीत दिवे, रंगीत कपडे, रात्रीची वेळ. प्रत्येकी वीस मिनिटांचे दोन डाव, म्हणजे जेवणं होईपर्यंत निकाल हातात. पूर्वी चढाई दमावर चालायची, आता दमाच्या जोडीला घड्याळ आलं. 30 सेकंदांत परत यायचं. कुणी नुसतंच जाऊन रेषेला पाय लावून परत येऊ नये म्हणून ‘डू ऑर डाय’चा नियम आणला. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईला गुण आणायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद. वेळ काढणं बंद झालं, बघणाऱ्याला थरार मिळाला. हा बदल वाईट म्हणता येणार नाही. खेळ वेगवान झाला. पण बदल कुणाच्या सोयीने झाला, ते आपल्याला कळलेलं असावं.

आता खेळाडूंचा हिशेब. 2014 च्या पहिल्या लिलावात सगळ्यात जास्त बोली लागली राकेश कुमारवर, 12 लाख 80 हजारांची. 2018 मध्ये बोली एक कोटीच्या वर गेली. 2023 मध्ये पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजार मिळाले. नऊ वर्षांत वीसपट! शेतकऱ्याघरच्या, मजुराघरच्या पोरांना या खेळाने पैसा दिला, नाव दिलं. 2024 च्या मार्चमध्ये पुणेरी पलटण विजेती झाली, तेव्हा तिचा कर्णधार होता आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. ही धंद्याची चांगली बाजू आहे आणि ती मान्य केली पाहिजे. फक्त एक ध्यानात ठेवायचं. लिलावातली मोठी बोली बातमीत येते. लहान बोली लागलेले, बोलीच न लागलेले आणि गुडघा गेल्यामुळे घरी बसलेले बातमीत येत नाहीत. बाजार समितीत एका कांद्याच्या ढिगाला चढा भाव मिळाला म्हणून सगळ्यांच्याच कांद्याला मिळत नाही, तसंच हे.

मैत्रिणींनो, आता आपल्या मुद्द्यावर येते. या सगळ्यात मुली कुठं आहेत?

मुली खेळत नाहीत असं मुळीच नाही. 2010 साली आशियाई खेळांत पहिल्यांदा महिला कबड्डी आली आणि भारताने सुवर्णपदक आणलं. 2012 साली पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला, तोही आपण जिंकला. त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या: अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के. 2023 मध्ये चीनमधल्या हांगझोऊला आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात भारताने चायनीज तैपेईला 26–25 असं हरवलं. एका गुणाने सोनं! त्या संघात आपल्या स्नेहल शिंदे आणि सोनाली शिंगटे होत्या.

आणि लीग? प्रो कबड्डीवाल्यांनी 2016 मध्ये पुरुषांच्या स्पर्धेसोबत महिलांचे सामने घेऊन बघितले. तीन संघ होते. अंतिम सामना हैदराबादला झाला आणि तोही एका गुणाने निकाली लागला, 24–23. म्हणजे थरारात काही कमी नव्हतं. पण पुढच्या वर्षी पुरुषांचे संघ आठावरून बारा झाले आणि महिलांची स्पर्धा मात्र पुढं चालली नाही. ज्या काळात मुलांची बोली कोटीवर गेली, त्याच काळात देशासाठी सोनं आणणाऱ्या मुलींना त्या मंचावर जागा नव्हती.

धंदेवाला यावर एकच उत्तर देतो: बायकांचा खेळ कोण बघतो? आपण त्याला उलटं विचारायचं: तुम्ही दाखवलाच नाही, तर बघणार कसा? दुकानात माल ठेवायचा नाही आणि वर म्हणायचं, गिऱ्हाईकच येत नाही.

हे उत्तर किती पोकळ आहे ते क्रिकेटने दाखवून दिलं. महिलांच्या क्रिकेटबद्दलही वर्षानुवर्षं हेच ऐकवलं जायचं. 2023 मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा पाच संघ विकून क्रिकेट मंडळाला 4,669 कोटी 99 लाख रुपये मिळाले. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला 3 कोटी 40 लाखांची बोली लागली. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मैदान माणसांनी गच्च भरलेलं होतं. बघणारे होतेच, फक्त कुणीतरी दार उघडायला हवं होतं.

तरीही दार पूर्ण उघडलंय असं समजू नका. पुरुषांच्या एका सामन्याला 118 कोटी, तर महिला लीगच्या पहिल्या पाच वर्षांच्या करारात एका सामन्याला 7 कोटी 9 लाख. सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे ऐका. एका टी-ट्वेंटी सामन्यात 76 चेंडूंत 162 धावा काढणारी ही पोरगी. 2023 च्या लीगमध्ये ती उतरली, तेव्हा तिच्या बॅटवर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. पैसे देणारा कुणी भेटलाच नव्हता. तिने पेनाने बॅटवर धोनीचं नाव आणि त्याचा सात आकडा लिहिला आणि अर्धशतक ठोकलं. हिंमत पोरीची होती, पण बॅटवरची ती मोकळी जागा बरंच काही सांगून जाते.

आता या धंद्याची एक बाजू थेट आपल्या घरात शिरलेली आहे, ती मोबाइलमधून. ‘टीम बनवा, पैसे लावा, लखपती व्हा’ अशा जाहिराती सामन्यांच्या मधे इतकी वर्षं चालल्या. खेळ बघणाऱ्याला खेळावर पैसे लावायला शिकवलं गेलं. किती घरांत बियाण्याचे, फीचे, बायकोने साठवलेले पैसे यात गेले ते आपण आपल्या आजूबाजूला बघतो. पैशाच्या ऑनलाइन खेळांत देशातले 45 कोटी लोक वर्षाला 20 हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने सांगितला. म्हणून 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ चालवायला त्यात बंदी आहे, मग त्याला कुणी नशिबाचा खेळ म्हणो की कौशल्याचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, कारण तो फसलेला धरला आहे. हा कायदा येताच भारतीय क्रिकेट संघाच्या शर्टावरचं ड्रीम इलेव्हनचं नाव गेलं आणि पुढं तिथं टायरच्या कंपनीचं नाव आलं. यावरून समजा, खेळाच्या अंगावर कुणाचा पैसा होता.

म्हणून घरात पोराच्या मोबाइलवर असलं काही दिसलं, तर आरडाओरडा करण्याआधी त्याच्याजवळ बसा. किती गेले ते विचारा. लाजेपोटी तो लपवतो आणि लपवलेलं भरून काढायला आणखी लावतो. ऑनलाइन फसवणूक होऊन पैसे गेले असतील, तर 1930 या नंबरवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हाती लागायची आशा कमी.

दुसरी सावधगिरी मुलींच्या बाबतीत. खेळात पैसा आला तसे मधले दलालही आले. ‘तुमच्या मुलीला अकादमीत घेतो, लीगमध्ये घालतो, एवढे हजार भरा’ असं कुणी म्हणालं, तर चार प्रश्न विचारायचेच. संस्था जिल्हा कबड्डी संघटनेशी जोडलेली आहे का? पैशाची पावती देणार का? मुली राहतात तिथं बाई प्रशिक्षक किंवा बाई अधीक्षक आहे का? आणि खेळताना हाड मोडलं, तर दवाखान्याचा खर्च कोण करणार? उत्तर देताना माणूस अडखळला, तर पिशवीचं तोंड बंद ठेवायचं. कागदावर सही करायची वेळ आली, तर तो कागद गटात मोठ्याने वाचून घ्या, मगच सही. मुलीची खेळाची प्रमाणपत्रंही जपून ठेवा. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. लीगची बोली एखादीला लागेल, पण ही प्रमाणपत्रं कितीतरी जणींच्या कामी येतील.

शेवटचा मुद्दा आपल्याच गावचा. गावात कबड्डीच्या स्पर्धा होतात, फलक लागतात, खताचं दुकान, पतसंस्था, पुढारी बक्षिसं देतात. हाही एक छोटा बाजारच. त्या फलकावर मुलांचं पहिलं बक्षीस किती आणि मुलींचं किती, ते यंदा वाचून बघा. मुलींची स्पर्धा मुळात आहे का, तेही बघा. कपडे बदलायला आडोसा आणि संडास नाही म्हणून किती मुली दहावीआधीच मैदान सोडतात, ते ग्रामसभेत उठून विचारा. आपल्या गटांनी मिळून मुलींच्या स्पर्धेचं एक बक्षीस लावलं, तर फार मोठा खर्च नाही. आणि सामना असेल त्या दिवशी तासभर कामं बाजूला ठेवून मैदानावर जाऊन बसा. बघणाऱ्यांच्या नजरेला किती किंमत असते, ते आज आपण पाहिलंच. ती नजर आपली आहे, तर ती आपल्या लेकींकडे वळवू या.