तणाव्यांवर उभा मनोरा

'तणावा' हा शब्द आता मराठीत क्वचितच कानी पडतो. परंतु जत्रेतला मोठा तंबू उभारला जात असताना जे जवळ उभे राहून पाहत असतील, त्यांना तो ठाऊक असतो. तंबूचा खांब मधोमध असतो खरा, पण त्याला उभे ठेवतात ते चहूबाजूंनी ताणून मेखांना बांधलेले दोर, आणि त्या दोरांनाच तणावे म्हणतात. फारसीतून आपल्याकडे आलेला हा जुना शब्द मला अलीकडे अगदी निराळ्या ठिकाणी पुन्हा भेटला. सातारा जिल्ह्यातील एका गावी माझे एक स्नेही, जे आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, आपल्या परसात बिनतारी संदेशवहनाचा मनोरा उभारीत होते. आणि त्या लोखंडी मनोऱ्याला तीन दिशांनी धरून ठेवणाऱ्या पोलादी तारदोरांना गावचा मिस्त्री सहज 'तणावे' म्हणत होता.

हौशी रेडिओ, ज्याला सर्वत्र 'हॅम रेडिओ' म्हणतात, हा मोबदला न घेता, केवळ ज्ञानाच्या आणि स्नेहाच्या ओढीने जोपासायचा छंद आहे. त्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते, परवाना घ्यावा लागतो, आणि तो मिळाला की 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारे स्वतःचे संकेतनाम लाभते. मग घरातल्या मेजावरून ब्राझीलच्या एखाद्या शेतकऱ्याशी किंवा जपानच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलता येते, आणि मध्ये ना तार असते, ना कोणत्या कंपनीचे जाळे. परंतु यंत्र कितीही उत्तम असले, तरी त्यातून निघालेली ऊर्जा आकाशात सोडणारा अँटेना जमिनीलगत असेल, तर बहुतेक परिश्रम वाया जातात.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. दूरच्या देशांपर्यंत पोहोचणाऱ्या लघुलहरी आकाशात वर जाऊन, पृथ्वीभोवतीच्या विद्युद्भारित थरांवरून परावर्तित होऊन पुन्हा खाली येतात; आणि त्या जितक्या क्षितिजाच्या जवळून, म्हणजे जितक्या लहान कोनात निघतील, तितकी त्यांची एक झेप लांब पडते. आडव्या अँटेनाखालची जमीन आरशासारखे काम करते, त्यामुळे हा कोन अँटेनाच्या उंचीवर अवलंबून राहतो. वीस मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर अँटेना १० मीटर उंच असेल, तर ऊर्जेचा मुख्य झोत सुमारे ३० अंशांनी वर जातो; १५ मीटरवर तो २० अंशांच्या आसपास येतो, आणि २० मीटरवर १५ अंशांच्याही किंचित खाली उतरतो. उंची हे हौशी माणसाचे मिरवण्याचे साधन नव्हे. ती त्याची दृष्टी आहे. १९२७ साली पुण्याजवळ खडकीला प्रेषक आणि दौंडला ग्राहक केंद्र स्थापून इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू करण्यात आली, तेव्हा तेथेही अँटेनांच्या तारा उंच मनोऱ्यांवरच चढवाव्या लागल्या होत्या.

उंच खांब उभारणे सोपे असते. तो उभा ठेवणे सोपे नसते. मार्कोनी यांनी अटलांटिक महासागर ओलांडणारा संदेश पाठविण्यासाठी कॉर्नवॉलमधील पोल्ढू येथे सुमारे २०० फूट उंचीचे वीस खांब वर्तुळाकार उभारले होते. प्रत्येक खांबाचा शेंडा शेजारच्या खांबांच्या शेंड्यांशी तारांनी जोडलेला होता; पण प्रत्येकाला सर्व बाजूंनी स्वतंत्रपणे जमिनीशी बांधणारे तणावे पुरेसे नव्हते. याच नमुन्याचे केंद्र अमेरिकेच्या किनाऱ्यावर बांधणाऱ्या व्हिव्हियन या अभियंत्याला या रचनेचा भरवसा वाटत नव्हता, आणि त्याची शंका खरी ठरली. सप्टेंबर १९०१ मध्ये वादळात पोल्ढूचे खांब कोसळले, कारण एकाने दुसऱ्याला ओढले आणि दुसऱ्याने तिसऱ्याला. दोन महिन्यांनंतर अमेरिकेतील खांबांचीही तीच गत झाली. शेवटी १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर पतंगाने वर नेलेल्या तारेवर मार्कोनींनी तो इतिहासप्रसिद्ध संकेत ऐकला. शेजाऱ्याच्या आधारावर उभा राहणारा खांब शेजाऱ्याबरोबर पडतो, आणि जमिनीशी स्वतंत्र नाते जोडणारा खांब टिकतो, हा पोल्ढूचा धडा घरच्या परसातही तितकाच लागू आहे.

आमच्या या शिक्षक स्नेह्यांचा, म्हणजे गुरुजींचा, मनोरा १५ मीटरचा होता. तीन उभे नळ आणि त्यांना जोडणाऱ्या तिरप्या सळ्या यांनी बनलेले, तीन-तीन मीटरचे पाच तुकडे एकावर एक चढवायचे, आणि दोन उंचीवर प्रत्येकी तीन तणावे बांधायचे, अशी त्यांची योजना होती. तणाव्यांचे जमिनीतले टोक खांबापासून किती दूर असावे, याला एक मान्य प्रमाण आहे : मनोऱ्याच्या उंचीच्या साठ ते ऐंशी टक्के. जागा वाचविण्यासाठी ते जवळ आणावे असा मोह पुष्कळांना होतो, पण तो महागात पडतो. १४ मीटरवर बांधलेला तणावा १२ मीटर दूर नेला, तर वाऱ्याचा एक किलो आडवा रेटा पेलण्यासाठी त्यात सुमारे दीड किलो ताण येतो. तोच ४ मीटरवर आणला, तर साडेतीन किलोंहून अधिक ताण येतो, आणि त्यातला बहुतेक ताण मनोऱ्यालाच खाली दाबून वाकवू पाहतो.

बारा मीटरच्या अंतरावर, एकमेकींशी १२० अंशांचा कोन करणाऱ्या तीन जागा हव्या होत्या. कोनमापक यंत्र नव्हते, पण गुरुजींनी भूमितीचा जुना पाठ काढला. मध्यबिंदूवर मेख ठोकून १२ मीटर सुतळीने जमिनीवर फक्कीचे वर्तुळ आखले, आणि तीच सुतळी परिघावर एकापुढे एक सहा वेळा धरली. ती नेमकी जेथून निघाली तेथेच येऊन मिळाली. त्या सहा खुणांपैकी एकाआड एक तीन निवडल्या, की तणाव्यांच्या जागा ठरल्या. सुमारे २१ मीटर बाजूचा समभुज त्रिकोण परसात मावतो की नाही, हे पाहायलाही दुसरे साधन लागले नाही. पण जागा ठरविण्यापूर्वी त्यांनी विजेच्या तारा कोठून जातात हे पाहिले. मनोरा कोणत्याही दिशेला पडला, तरी त्याचा शेंडा किंवा अँटेनाचा हात तारेपर्यंत पोहोचणार नाही, इतके अंतर राखणे ही या कामातली पहिली अट आहे. ती ज्यांनी पाळली नाही, त्यांपैकी कित्येकांनी प्राणांची किंमत मोजली आहे.

पुढचे सर्व महत्त्वाचे काम जमिनीखाली होते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यात रोवलेली कोणतीही गोष्ट दरवर्षी थोडी थोडी सरकत राहते. म्हणून खड्डे मुरूम लागेपर्यंत खणले. प्रत्येक खड्ड्यात तणाव्याच्या दिशेने तिरपी ठेवलेली जाड सळई, तिच्या तळाशी आडवे लोखंड, आणि भोवती काँक्रीट. घनमीटरभर काँक्रीटचे वजन सुमारे २४०० किलो भरते; तणाव्याने उपसून काढण्याच्या प्रयत्नाला उत्तर देते ते हे वजन आणि त्यावर थराथराने ठोकून बसवलेली माती. मिस्त्रीला आठवड्याने तुकडे चढवायचे होते, पण काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात, हे गुरुजींनी वर्गात शिकवावे तसे शांतपणे सांगितले, आणि ते दिवस पोती ओली ठेवण्यात गेले.

मनोऱ्याच्या तुकड्यांवरून चढणारा माणूस कमरपट्टा आणि दोन आधारदोर घेऊनच वर जातो, आणि एक दोर सोडण्याआधी दुसरा अडकवतो. उभ्या झालेल्या भागाच्या शेंड्याला तात्पुरता नळ बांधून त्याच्या टोकाशी कप्पी लावतात. तिच्यावरून खालचे लोक दोर ओढून पुढचा तुकडा वर नेतात, आणि त्या वेळी खाली कोणी उभे राहत नाही. तुकडे चढत असताना तात्पुरते तणावे बांधल्यावाचून पुढे जायचे नाही, हा नियम मोडण्याचा मोह सायंकाळी होतो, म्हणून गुरुजींनी काम सायंकाळी सुरू करूच दिले नाही.

तारदोराचे टोक वळवून बांधण्याची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. दोर लोखंडी खोबणीवरून वळवतात, म्हणजे तो कडेने झिजत नाही. मग तीन यू-बोल्ट लावतात, आणि प्रत्येकाचा वाकडा भाग दोराच्या मोकळ्या टोकाकडे येईल अशी खबरदारी घेतात, कारण भार वाहणाऱ्या भागावर तो आला तर तेथे दोर चिरडला जातो. खालच्या टोकाला ताण कमी-जास्त करणारा टर्नबकल असतो. तो वाऱ्याच्या कंपाने आपोआप उलटा फिरू नये म्हणून शेवटी त्यातून तार ओवून बांधतात. तणाव्याच्या मध्ये ठिकठिकाणी चिनी मातीचे अंड्याच्या आकाराचे रोधक बसवून त्याची लांबी तोडतात, नाहीतर तोच अँटेनासारखा रेडिओलहरी शोषू लागतो. या रोधकात दोन्ही बाजूंचे फास एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे चिनी माती फुटली तरी तणावा सुटत नाही.

मग ताण देण्याची वेळ आली. तणाव्यात आरंभी तो तुटण्याच्या भाराच्या साधारण एक दशांश ताण असावा. त्याहून अधिक दिला तर मनोरा विनाकारण दाबला जातो, आणि कमी दिला तर वाऱ्यात हिसके बसतात. ओळंबा लावून पाहताना मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, खांब विहिरीकडं कललाय. विहिरीकडचा तणावा दोन आटे सैल करतो, मग बाकीचे दोन आवळू." "कर, पण दमानं," गुरुजी उत्तरले. हाच मिस्त्री चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत असे.

एवढी यातायात कशासाठी, असे कोणी विचारील, तर त्याने वाऱ्याचा हिशेब करून पाहावा. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात रचनेसाठी धरायचा मूलभूत वेग पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर दिला आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणून पहिल्या वेगाला चौरस मीटरमागे सुमारे ९३ किलो, तर दुसऱ्याला सुमारे ११८ किलो दाब येतो. वेग अष्टमांशाने वाढला, की दाब पावपटीहून अधिक वाढतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत दूरध्वनी व मोबाइल मुके झाले. मनोऱ्याची खरी गरज अशाच दिवशी असते, आणि अशाच दिवशी तो पडण्याची भीती सर्वांत मोठी असते.

विजेचे भय वेगळे. वळवाच्या दिवसांत उंच धातूच्या वस्तूवर वीज पडू शकते, म्हणून मनोऱ्याचे तिन्ही पाय आणि तणाव्यांची टोके तांब्याच्या पट्टीने जमिनीत ठोकलेल्या दांड्यांशी जोडतात, पट्टीला तीव्र वळण देत नाहीत, आणि ही सर्व जोडणी घराच्या अर्थिंगशी एकत्र करतात. आभाळ भरून येण्यापूर्वीच यंत्राची केबल काढून ठेवतात. परवानग्यांचेही आधी पाहावे लागते : विमानतळाच्या परिसरात उंचीवर निर्बंध असतात, परवान्यात केंद्राचा पत्ता असतो, आणि शहरात राहणाऱ्याला गृहसंस्थेची संमती लागते. तेव्हा दरखास्त आणि मंजुरी यांचे कागद खड्डे खणण्याआधी दफ्तरी लागलेले बरे. शेजाऱ्यांनाही आधी बोलावून सर्व दाखवावे, कारण भीती बहुधा न समजलेल्या गोष्टीची असते.

हा छंद संकटात कसा कामी येतो, याचे एक उदाहरण पाहा. डिसेंबर २००४ मध्ये हौशी रेडिओचालक भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रक्षेपणासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला भूकंप आणि त्सुनामी आली, अंदमान-निकोबारचे दूरध्वनी बंद पडले, आणि छंद म्हणून नेलेल्या त्याच यंत्रांवरून बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीपर्यंत पोहोचू लागली.

म्हणूनच उभारणी संपली तरी काम संपत नाही. दरवर्षी मृग निघण्यापूर्वी गुरुजी आणि मिस्त्री मनोऱ्याभोवती एक फेरी मारतात. यू-बोल्ट गंजले आहेत का, रोधकाला तडा गेला आहे का, काँक्रीटजवळची माती खचली आहे का, हे पाहतात. शेवटी गुरुजी प्रत्येक तणाव्यावर हाताने एक ठोका देतात. ती लहर तारदोरावरून वर धावते, शेंड्यापासून परतते आणि तळहाताला लागते. तिच्या दहा फेऱ्यांना किती वेळ लागला, हे घड्याळावर मोजून ते वहीत दर उंचीचे तीन-तीन आकडे लिहितात. ताण जास्त, तर लहर लवकर परतते; ताण कमी, तर उशिरा. मागच्या वर्षी वरच्या उंचीवरील तिसऱ्या तणाव्याची लहर रेंगाळली. मिस्त्रीने न सांगता टर्नबकलमधली तार सोडली, एक आटा आवळला, आणि गुरुजींनी पुन्हा ठोका देऊन हात तारेवर तसाच ठेवला, तिन्ही आकडे जुळेपर्यंत.