वळीव
मॉन्सूनपूर्व काळात, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, महाराष्ट्राच्या अंतर्भागात बहुधा दुपारनंतर पडणारा गडगडाटी पाऊस. याचे पूर्वानुमान उन्हाळी तापमानाच्या पूर्वानुमानाहून पुष्कळच कठीण असते. तप्त हवेची राशी शेकडो किमी. पसरलेली व मंदगती असल्यामुळे विदर्भातील उष्णतेची लाट काही दिवस आधी सांगता येते. वळवाचा मेघ मात्र काही किमी. रुंदीचा व साधारणतः तासाभरात विरणारा असतो. केवळ ऊन तापल्याने तो बनत नाही (तशी समजूत रूढ असली, तरी कडक उन्हाचे कित्येक दिवस निरभ्रच जातात). त्यासाठी अरबी समुद्रावरून वा बंगालच्या उपसागरावरून आलेली बाष्पयुक्त हवा खालच्या थरात आणि त्यामानाने बरीच थंड हवा वरच्या थरात असावी लागते. पहाटे फुग्यांद्वारे घेतलेल्या रेडिओसाँड निरीक्षणांवरून ही अस्थिरता कळते; त्यामुळे दिवस व जिल्हा सांगता येतो, गाव सांगता येत नाही. मेघ वाढू लागल्यावर डॉप्लर रडारच्या साहाय्याने पुढील सुमारे तीन तासांपुरता इशारा देता येतो. खळ्यावरील धान्य वा उघड्यावरील कांदा झाकण्यास तो पुरतो. गारांपासून झाडावरचा आंबा वाचविण्यास पुरत नाही. शेतात काम करणाऱ्यांचा विजेने होणारा मृत्यू मात्र वेळीच आसरा घेतल्यास टळू शकतो. त्याकरिता पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ ही मोबाइलवर विजेची पूर्वसूचना देणारी सुविधा विकसित केली आहे.