चढाईपटू राखावा की सोडावा

प्रो कबड्डी लीगच्या सहाव्या हंगामात, 2018 साली, यू मुम्बाने सिद्धार्थ देसाईला 36.40 लाख रुपयांना घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा हा गडी लीगला नवा होता. त्याने 21 सामन्यांत चढाईचे 218 गुण मिळवले. रुंद खांद्यांचा सिद्धार्थ बोटं टेकवून पळणाऱ्यातला नव्हता. दोन-तीन जणांनी कमरेला मिठी घातली तरी तो सगळ्यांना ओढत मध्यरेषेवर हात टाकायचा. प्रेक्षक त्याला ‘बाहुबली’ म्हणू लागले. हंगाम संपला आणि मुंबईपुढे प्रश्न आला, याला ठेवायचं की जाऊ द्यायचं?

ठेवलं नाही. एप्रिल 2019च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1.45 कोटी मोजले. त्या हंगामातली ती सर्वांत मोठी बोली होती. वाकोल्यापासून वरळीपर्यंत मुंबईत जिथे जिथे मंडळांच्या कबड्डीवर लोक जीव टाकतात, तिथे हा निर्णय कुणालाही खटकावा असाच होता. पण संघ चालवणाऱ्याला टाळ्यांपलीकडचा हिशेब करावा लागतो.

त्यातली पहिली गोष्ट पैशाची. प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी ठरावीक रक्कम मिळते. सातव्या हंगामात ती 4.40 कोटी होती. म्हणजे 1.45 कोटी देणाऱ्याने जवळजवळ एक तृतीयांश रक्कम एकाच माणसावर लावली. उरलेल्या पैशात बाकीचा सगळा संघ उभा करायचा. मॅटवर माणसं सात. दोन्ही कोपरे, दोन्ही कव्हर आणि जोडीचा चढाईपटू यांतली एखादी जागा कच्ची राहिली, की प्रतिस्पर्धी तिथेच घाव घालतो.

दुसरी गोष्ट गुणांची, आणि इथे फसगत सगळ्यांत जास्त होते. 40 मिनिटांच्या सामन्यात एका संघाच्या वाट्याला साधारण 40 चढाया येतात. त्यांतल्या बहुतेक एकालाच दिल्या तर त्याचे गुण वाढणारच. म्हणून विचारायचं ते हे, की किती चढायांत किती गुण, आणि किती वेळा पकड झाली. मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला की संघाची धार जाते. तो परत यायचा तर साथीदारांनी गुण मिळवायला हवेत, आणि तोही बाद होण्याच्या क्रमानेच परततो. शिवाय सगळे गुण सारख्या मोलाचे नसतात. बोनस रेषा ओलांडून मिळालेला गुण फलकावर दिसतो, पण त्याने समोरचा कुणी बाहेर जात नाही आणि आपला कुणी आत येत नाही. गडी बाद केला तर दोन्ही घडतं. दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची तिसरी चढाई तर गुण आणा नाहीतर बाद व्हा, अशीच असते. तिथे कोण पाठवण्यासारखा आहे, यावर चढाईपटूची खरी किंमत ठरते.

बास्केटबॉलमध्ये हाच प्रश्न सेंटरबाबत येतो. बास्केटखाली उभा राहणारा उंच खेळाडू गुणांचा पाऊस पाडतो, तेव्हा त्याला सोडणं वेडेपणा वाटतं. विल्ट चेंबरलेनने 1962-63च्या हंगामात सामन्यामागे सरासरी 44.8 गुण केले, तरी त्याचा सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स संघ 80 पैकी 49 सामने हरला. जानेवारी 1965मध्ये वॉरियर्सने तीन खेळाडू आणि रोख रकमेच्या बदल्यात त्याला फिलाडेल्फियाला दिलं. तिथे 1966-67मध्ये त्याची सरासरी 24वर आली, आणि त्याच वर्षी संघ अजिंक्य ठरला. अमेरिकेत अशी थेट अदलाबदल नेहमीची. प्रो कबड्डीत बहुतेकदा खेळाडू आधी मुक्त करतात, मग लिलाव होतो. मूळ संघाकडे शेवटच्या बोलीशी बरोबरी करण्याचं कार्ड असेल तर तो त्याला परत घेऊ शकतो. 2018मध्ये यूपी योद्धाने मुंबईकर रिशांक देवाडिगाला 1.11 कोटींना असंच राखलं होतं.

सातव्या हंगामाचा निकाल मुंबईच्या बाजूने लागला. सिद्धार्थने हैदराबादच्या संघासाठी पुन्हा दोनशेच्या वर गुण केले, पण टायटन्स बारा संघांत अकरावे आले. मुंबईने कर्णधार फझल अत्राचलीचा डावा कोपरा आणि सुरिंदर सिंगचं कव्हर राखलं, संदीप नरवालला आणलं आणि चढाया अभिषेक सिंग, अर्जुन देशवाल यांच्यात वाटल्या. संघ उपांत्य फेरीत पोहोचला आणि पुढे विजेत्या ठरलेल्या बंगाल वॉरियर्सकडून 35-37 असा हरला.

तेवढ्यावरून मुंबईचं गणित पक्कं होतं म्हणणं मात्र घाईचं होईल. त्याच संघातला अर्जुन देशवाल तेव्हा जेमतेम विशीत होता. सातव्या हंगामात त्याचे गुण शंभराच्या आसपास, सिद्धार्थच्या निम्मे. 2021च्या लिलावाआधी मुंबईने त्यालाही राखलं नाही. जयपूर पिंक पँथर्सने त्याला 96 लाखांना घेतलं. नवव्या हंगामात त्याने चढाईचे 296 गुण मिळवले, लीगमध्ये सर्वाधिक. 17 डिसेंबर 2022 रोजी जयपूरने पुणेरी पलटणला 33-29 असं हरवून करंडक उचलला. सामना मुंबईतच होता, वरळीच्या डोममध्ये. यू मुम्बा मात्र आठव्या, नवव्या आणि दहाव्या अशा तिन्ही हंगामांत बाद फेरीबाहेर राहिला.

दोघांतला फरक वयाचा होता. सिद्धार्थ लीगमध्ये आला तोच सत्ताविशीत. अंगावर तीन-तीन जण घेऊन ओढणाऱ्या चढाईपटूचे खांदे आणि गुडघे सर्वांत आधी बोलू लागतात, त्यामुळे अशा वयात लावलेली मोठी रक्कम एक-दोन हंगामांतच वसूल व्हावी लागते. विशीतल्या मुलाच्या शंभर गुणांमागे मात्र अजून न खेळलेले कितीतरी हंगाम उभे असतात. त्यातही तो साथीच्या चढाईपटूच्या सावलीत खेळला असेल, तर स्वतःच्या नावावर संघ चालवायला मिळाल्यावर किती वाढेल याचा अंदाज प्रशिक्षकाला सरावातच घ्यावा लागतो. गुणपत्रकात तो दिसत नाही. मुंबईने सिद्धार्थला सोडताना केलेला विचार अर्जुनच्या वेळी उलटा करायला हवा होता.

सिद्धार्थला 2021मध्ये टायटन्सनी 1.30 कोटींना परत घेतलं. तीन सामन्यांनंतर दुखापतीने तो हंगामाबाहेर गेला, आणि टायटन्सना 22 सामन्यांत एकच विजय मिळाला. पुढच्या लिलावात त्याच संघाने त्याला 20 लाखांत घेतलं. तो पुन्हा उभा राहिला, खेळला, आणि 2023मध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याच्यासाठी एक कोटी मोजले. त्या हंगामात हरियाणा पहिल्यांदा अंतिम फेरीत पोहोचला.