औषध आहे, दानत हवी

पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीचा जो भयंकर प्रसार झाला, त्याचे खापर तेथील जनतेच्या आचरणावर फोडणे सोपे असले तरी अन्यायाचे आहे, असे आम्हांस वाटते. लेसोथो, मोझांबिक, मलावी येथील हजारो पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत राबत. वर्णद्वेषी राजवटीने त्यांना कुटुंब सोबत आणण्यास मज्जाव केला होता. बराकींतून सुटीवर घरी परतणाऱ्या या मजुरांबरोबर पुढे हा रोगही खेडोपाडी पोहोचला.

१९९६ पासून तीन औषधांचा एकत्रित उपचार हाती आला. पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात! फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ने तो ३५० डॉलरांत देऊ केला. दक्षिण आफ्रिकेचे तत्कालीन अध्यक्ष थाबो म्बेकी मात्र एचआयव्हीमुळेच एड्स होतो काय, याचा काथ्याकूट करीत बसले होते. त्या हटवादापायी तीन लाखांहून अधिक जीव अकाली गेले, असा हार्वर्डच्या संशोधकांचा २००८ चा अंदाज आहे.

पुढे परकीय मदतीने उपचार पोहोचले, मृत्यू घटले. परंतु जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत एकाएकी रोखताच अनेक दवाखान्यांना टाळे लागले. ही औषधे जन्मभर, रोज घ्यावी लागतात. खंड पडला की विषाणू पुन्हा उचल खातो. लाखो रुग्णांचे प्राण असे परक्याच्या लहरीवर टांगलेले राहणे धोक्याचे आहे. अर्थसंकल्पाचा किमान १५ टक्के हिस्सा आरोग्यासाठी ठेवू, असे वचन आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी एप्रिल २००१ मध्ये अबुजा येथे दिले होते. बहुतेकांनी ते पाळले नाही. ते आता तरी पाळले जावे.